कागद तिरका धरा

...अन् वर मलाच शिकवतात! बंकट, आमच्या पाणी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणतो, "माणिकशेठ, नकाशा रॉकेलात बुडवा, रेषा उमटत्यात." अरे बाबा, नकाशा हाय का बेअरिंग? इंजिनियरसाहेबांनी फोटो काढला, मोबाइलवर मोठा केला, अजून मोठा केला... काय दिसलं? मोठा कोरा कागद. इकडं वरच्या वस्तीला बारा दिवस पाणी न्हाई, लाइनचा व्हॉल्व कुठंतरी मातीखाली गाडलेला, अन् तो कुठं हे फक्त ह्या त्र्याहत्तर सालच्या कागदाला ठाऊक.

तुम्हाला सांगतो, चौसाळ्यात पाइप विकून म्हातारा झालो, शाळा चौथी, पण नकाशा वाचायला मला उत्तरेश्वर ओव्हरसियरनं शिकवलं. हा नकाशा त्यानं माझ्याच काउंटरवर काढलेला, कानावर पेन्सिल, बशीत चहा. "शेठ, उजेड वरून पाडला की कागद मुका. कागद तिरका धरा." हात लई जड त्याचा, शिसं उडालं तरी कागदात चर राहतो.

तर मी भर दुपारी शटर ओढलं, बॅटरी काउंटरवर आडवी ठेवली, कागद तिरका धरला... अन् अंगावर काटा यावा तसा नकाशा उठला की! विहीर, लाइन, चिंचेपासून चाळीस फुटांवर व्हॉल्व. बंकट टिकाव आणायला पळाला.

मी तिथंच. कावून? तर माझ्या दुकानासमोर एक बारका गोल. नळ. शेजारी अक्षर, 'मनकर्णावहिनी'. वरून रबर फिरवलेला, अन् लाइन वळवलेली थेट तवाच्या चेअरमनच्या, अर्जुनरावांच्या गोठ्याकडं.

मनकर्णा म्हणजे आमच्या घरच्या. दीड मैलावरून घागरी आणायच्या. उत्तरेश्वर म्हणालता, "वहिनी, नळ दारात देतो." नळ आला न्हाई. मी त्याचा चहा बंद केला. तो बदली होऊन आष्टीला गेलता, पोरीच्या लग्नाची पत्रिका धाडली, मी गेलो न्हाई. चाळीस वर्षं त्याला थापाड्या म्हणत राहिलो. एकदा इचारलं असतं तर? आता इचारायला तो न्हाई, अन् सांगायला मनकर्णा न्हाई.

वस्तीला पाणी आलं. बंकट पेढे घेऊन आला, "शेठ, तुमचा काय मान करावा?"

म्हटलं, काही नको बाबा. आमचा नळ मिळाला. बघायला कागद तिरका धरावा लागतो, एवढंच.