नॉरीनचा डावा पाय

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या बसथांब्यावर आयडा भाजीची पिशवी घेऊन बसली होती. समोरच्या वकिलाच्या कचेरीचा जिना उतरून एक बाई कुबडी टेकत शेजारी येऊन बसली. सोबत तिचा भाऊ क्लॅरी होता.

"वकीलबाई म्हणाल्या ना, कोर्टात केस होऊ शकते, नॉरीन?" भावानं विचारलं.

"होऊ शकते. पण ऑपरेशनात पायाची नस कापली गेली, ती डॉक्टरच्या चुकीनं, असं दुसऱ्या सर्जननं सांगायला हवं. आणि मुदत संपायच्या आत दावा लावायचा."

"मग लाव की."

"मला दावा नको होता, क्लॅरी. त्या डॉक्टरनं समोर बसून चूक झाली म्हणावं, एवढंच हवं होतं."

"कसं म्हणेल? म्हटलं की कोर्टात अडकला."

"मलाही तेच वाटायचं. बिचारा घाबरला असेल, म्हणून गप्प बसले. आज वकीलबाईंना विचारलं. माफी मागितली तर ती कोर्टात त्याच्याविरुद्ध धरत नाहीत. कायदाच आहे तसा."

"त्याला ठाऊक नसेल."

"असतं म्हणे सगळ्या डॉक्टरांना."

 बस आली. आयडा उठली.

"चल, नॉरीन," क्लॅरी म्हणाला.

"जाऊ दे ही बस. मला परत वर वकीलबाईंकडे ने. जिना जरा हळू चढू."