सोमा भोयेच्या बेचाळीस सह्या

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही दम घ्या. पखवाजापेक्षा तुमचाच घाम जास्त वाजायला लागलाय!

आता एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. खोट्या सहीला वजन असतं का हो? कागद तर तेवढाच, शाई तेवढीच. खरी सही अन् खोटी सही तराजूत घातली, तर काटा हलेल? नाही हलणार! मग मी म्हणतो, वजन असतंच. आणि असलं, तर ते उचलतं कोण? सही करणारा? की कागद वाचणारा? की तिसराच कुणी?

ऐका तर मग. आजचं आख्यान द्राक्षाच्या बागेतलं आहे. आणि खायच्या द्राक्षाचं नाही बरं का — वाइनच्या द्राक्षाचं! हां, बघा! मागच्या ओळीतली माणसं कशी ताठ बसली! इतका वेळ ज्ञान सांगत होतो तेव्हा डुलक्या चालल्या होत्या. अहो, महाराज वाइन पाजणार नाहीयेत. गोष्ट फक्त वेलीची आहे. बसा.

दिंडोरी तालुक्यात पिंपळदरा नावाचं गाव धरा. तिथं फकीरराव गणोरे म्हणून बागाईतदार. पाच एकर बाग, डोंगराच्या उतारावर. वाइनचं द्राक्ष कसं असतं ठाऊक आहे? बारीक, काळं, सालीला जाड, आत बिया. तोंडात टाकलं तर वाटतं, हे कुणी विकत का घेतं! पण कंपनी घेते. फकीरराव सज्जन माणूस. देवळाचा विश्वस्त, कुणाचं वाकडं केलेलं नाही. घरात मालकीण सगुणाबाई. सगळं सुखाचं.

एका वर्षी कंपनीनं निरोप धाडला — यंदापासून दाखला लागेल. कसला दाखला? शाश्वत शेतीचा! म्हणजे काय? तर जमीन नासवली नाही, पाणी उधळलं नाही, आणि बागेत राबणाऱ्या माणसाला इजा होऊ दिली नाही, याचा पुरावा. तीन वर्षांची फवारणीची वही दाखवायची. कोणत्या तारखेला काय मारलं, किती मारलं, कुणी मारलं. त्याला हातमोजे दिले होते का? तोंडाला मास्क होता का? आणि शेवटच्या रकान्यात फवारणाऱ्याची सही.

चांगली गोष्ट आहे की नाही? आहेच! पण फकीररावांकडे वहीच नव्हती.

मग काय केलं? एका रविवारी जेवण झाल्यावर बसले ओसरीवर. तीन पेनं घेतली — निळं, काळं, आणि एक अर्धवट सुकलेलं. तीन वर्षं एका दुपारी! ब्रह्मदेवालासुद्धा एवढी घाई नव्हती! पानावर चहाचा डाग पाडला, एक कोपरा दुमडला, वही जुनी दिसली पाहिजे ना! हसू नका काकू, तुमच्या घरातही अशा वह्या आहेत. त्यावर येतोच मी शेवटी.

आता सही. बागेचा वरचा तुकडा एवढा चढाचा, की ट्रॅक्टर जात नाही. तिथं पाठीवर पंप घेऊनच फवारावं लागतं. ते काम करायचा सोमा भोये. सुरगाण्याकडचा, सागपाड्याचा. मुका नव्हता, पण बोलायचा मोजकं. पहिल्या वर्षी त्यानं सगळ्या फवारण्या केल्या. मोजे नाहीत, मास्क नाही. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी. वर्षाच्या शेवटी खोकायला लागला. फकीररावांनी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली, एसटीत बसवून दिलं, म्हणाले, "बरा झाला की ये रे सोमा."

सोमा आला नाही. फकीररावांनीही विचारलं नाही. नंतरची दोन वर्षं येईल तो रोजंदारीचा गडी फवारून गेला. आज हा, उद्या तो. नावं कुणाला आठवतात?

पण वहीत नाव तर पाहिजे! सोमाची सही फकीररावांच्या डोळ्यासमोर होती. साक्षरता वर्गात शिकलेली, 'सो'चा काना बैलानं धडक दिल्यासारखा तिरपा. तशीच सही ठोकली. पहिल्या वर्षाचं काम त्यानं खरंच केलं होतं; पण पुढच्या दोन वर्षांच्या बेचाळीस फवारण्या, बेचाळीस खोट्या सह्या. मोजे — होय. मास्क — होय. तब्येत — उत्तम! वही मिटली, ढेकर दिली, झोपले.

सोमवार उजाडला. दुपारी बारा वाजता फकीरराव शेडजवळ बसले होते. आणि वरच्या तुकड्यातून आवाज आला. खट्-फुस्स... खट्-फुस्स...

हातानं दट्ट्या मारायचा पंप! बागेत तर माणूस नव्हता. फकीरराव चढून वर गेले. आवाज थांबला. ओळी रिकाम्या. पण पानं, मंडळी... पानं ओली होती. भर उन्हात, पानापानावर थेंब. अन् औषधाचा तो उग्र वास.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. बरोबर बाराला! पंप शेडमध्ये, शेडला कुलूप, किल्ली फकीररावांच्या करगोट्याला. कुलूप उघडून बघावं, तर पंपाचा पट्टा घामानं भिजलेला. ताजा, कोमट घाम.

आठवड्यानं शेजारचा बागवाला बांधावरून हाक मारतो, "फकीरराव, सोमा आला का परत? काल वरच्या ओळीत पाहिला. हाक मारली, तर वळला नाही. फार वाळलाय हो गडी!"

फकीररावांनी काय उत्तर दिलं असेल? म्हणाले, "हो, आलाय." झालं! एक खोटं जगवायला दुसरं दूध पाजावं लागतं.

सगुणाबाई मात्र बाई माणूस. तिच्यापासून लपतंय होय? ती म्हणाली, "अहो, खरं सांगा, तुम्ही काय केलंय?"

"काही नाही. कागद पुरे केले."

"मग दुपारी बारा वाजले की तुम्ही कान का झाकता?"

फकीरराव कान झाकूनच बसले.

तिसऱ्या शुक्रवारी दाखल्याच्या तपासणीवाल्या बाई आल्या. मृणाल धामणे त्यांचं नाव. तरुण, टोपी घातलेली, हातात पाटीएवढी फाइल. वही बघितली. पान उलटलं, मान हलवली. पान उलटलं, मान हलवली. म्हणाल्या, "काका, इतकी नीट वही मी या भागात पाहिली नाही." फकीररावांचा जीव भांड्यात पडला. मग बाई म्हणाल्या, "मी एकटीच बाग फिरून येते. आमचा नियम आहे."

वेळ किती? पावणेबारा!

अर्ध्या तासानं बाई खाली आल्या. चेहरा उतरलेला. आवाज चढलेला.

"काका, सोमा भोये भेटले वर."

फकीररावांनी वही पोटाशी धरली.

"तोंडाला फडकं बांधलंय नुसतं. श्वास लागलाय त्यांना, छाती शिट्टीसारखी वाजतेय. मी म्हटलं, दादा, बसा, थांबवा ते. तर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'मालकानं वहीत लिव्हलंय. थांबता येत न्हाई.'"

मंडळी, माझ्याच अंगावर काटा आलाय बघा. त्या माणसाचं काय झालं असेल!

बाई म्हणाल्या, "वहीत मास्क लिहिलाय, तब्येत उत्तम लिहिलीय. उद्या सकाळी दहाला आमच्या कचेरीत या. सोमा भोयेंना घेऊन या. त्यांचा जबाब झाल्याशिवाय दाखला नाही." गाडी गेली.

तेव्हा सगुणाबाई म्हणाली, "चला."

"कुठं?"

"सागपाड्याला. मेला असेल तर तिरडीला हात लावू. जिता असेल तर पाय धरू. चला उठा!"

काय बाई आहे बघा! ज्ञान पोथीतच असतं असं नाही.

जीप काढली. दोन तासांचा घाट. पाड्यावरच्या शेवटच्या झोपडीपुढं सोमाची बायको कमळी नागली पाखडत बसली होती. फकीररावांना बघून उठली नाही. 'या' म्हणाली नाही. सूप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "शेठ, तुमी त्याला कामावर बोलावलं का?"

"नाही गं बाई."

"मंग रोज बाराच्या ठोक्याला त्यो कुठं जातो?"

सोमा आत खाटेवर होता. जिवंत! पण कसला जिवंत? हाडांवर कातडं. दोन वर्षं उठून बसला नव्हता. कमळी सांगू लागली, "एकोणीस दिस झालं, शेठ. बारा वाजलं की डोळं पांढरं व्हत्यात. डावा हात वर-खाली, वर-खाली, पंप मारल्यावानी. घामानं गोधडी भिजती. कानात बोललं तरी ऐकू जात न्हाई. तासाभरानं हात थांबतो अन् त्यो म्हनतो — एक झाली."

फकीररावांनी सोमाचा हात उचलून पाहिला. तळव्याला ताजा फोड. नखांत फवारणीतलं निळसर मोरचूद. त्या पाड्यावर, मंडळी, एक द्राक्षाचा वेल नव्हता!

सोमानं डोळे उघडले. मालकाला ओळखलं. राग नाही, तक्रार नाही. विचारलं काय?

"मालक, अजून किती राहिल्यात?"

बेचाळिसातून एकोणीस गेल्या. तेवीस! देवळात घंटा वाजवणारा तो मालक, झोपडीच्या शेणाच्या भुईवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. "एकही नाही रे सोमा. एकही नाही."

पण नुसतं बोलून भागतंय? सही बोलून झाली होती का? लिहून झाली होती!

सोमाला जीपमध्ये निजवलं. दिवेलागणीला नाशिकच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, "अजून पंधरा दिवस असेच गेले असते, तर आणायची गरज पडली नसती." सगुणाबाई अन् कमळी उशाशी बसल्या.

शनिवारी दहाला फकीरराव कचेरीत एकटेच गेले. वही मेजावर ठेवली. "ताई, बेचाळीस सह्या माझ्या आहेत. सोमा दोन वर्षं अंथरुणावर आहे, माझ्या बागेतल्या फवारणीनं. मास्क मी कधी दिलाच नाही."

बाईंनी वही जवळ ओढली. हळूच म्हणाल्या, "काका... मग काल मी बोलले ते कुणाशी?"

फकीररावांनी लाल पेन मागितलं. एकेक सही शोधायची, त्यावर रेघ मारायची, बाजूला 'खोटी' लिहायचं, खाली आपलं नाव. दहा झाल्या. वीस झाल्या. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी. तीस. पस्तीस. बाईंच्याही कपाळावर घाम! त्या पान उलटून देताहेत, हे रेघा मारताहेत...

आणि तिकडं दवाखान्यात बारा वाजले. सोमाचे डोळे पांढरे झाले. डावा हात गोधडीवरून उठला. कमळीनं तोंड झाकलं. हात वर आला, छातीपर्यंत आला... इकडं बेचाळिसावी रेघ पडली, आणि हात तिथंच थांबला. कुणीतरी पट्टा खांद्यावरून उतरवून घ्यावा, तसा खांदा सैल पडला. हात अलगद खाली आला. सोमानं एक मोठा श्वास घेतला अन् झोपला. कमळी म्हणाली, दोन वर्षांत अशी झोप पाहिली नव्हती.

दाखला? नाही मिळाला! कंपनीनं त्या वर्षी माल उचलला नाही. द्राक्षं वेलीवरच वाळली. पण त्या दिवसापासून बागेत बाराला पंप वाजला नाही. सोमा चालायला लागला. दम अर्धाच परत आला. चार पावलं टाकली की थांबतो. शेळ्या राखतो. त्याच्या औषधाला फकीरराव दर महिन्याला स्वतः जातात. गेले की कमळी आता 'या' म्हणते. अजून 'बसा' म्हणत नाही. बरोबर आहे तिचं.

दाखला मिळाला तीन वर्षांनी, खऱ्या वहीवर. वरच्या तुकड्यात मास्क लावून, मोजे घालून, पाठीवर पंप घेऊन फवारतो कोण? स्वतः फकीरराव गणोरे, वय वर्षं साठ!

आता तुमच्याकडं येतो. म्हणालो होतो ना काकू, येतो म्हणून! सरपंच, तुम्हीही जाऊ नका, चहा पळून जात नाही. मला सांगा, या गावच्या ग्रामसभेच्या वहीत दीडशे बायकांच्या सह्या आहेत. सभेला आल्या किती? सात! मग उरलेल्यांच्या सह्या कुणाच्या हाताच्या? रोजगार हमीच्या हजेरीत मुंबईला गेलेला माणूस रोज खड्डा खणतोय. शाळेच्या पटावर पोर जेवतंय, अन् ते पोर ऊसतोडीला गेलंय! कागद पुरे झाले म्हणता? तुमचे झाले. ज्याचं नाव लिहिलं, त्याचं काय झालं, विचारलंत कधी?

एकच करा. उद्या दुपारच्या आत त्या माणसाच्या दारी जा. 'या' म्हणो न म्हणो, उंबऱ्याशी उभे राहा आणि विचारा — "बाबा, तू बरा आहेस ना?"

उचला टाळ. आज नाम घेताना डोळे मिटू नका. शेजारी कोण नाही आलेलं, ते बघत म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!