टाकीचं पाणी चार बोटं खाली

धुळ्याच्या स्टँडवर आम्ही जळगावच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने घरून आलेला फोन स्पीकरवर घेतला.

"पुनम, माशांच्या टाकीचं पाणी चार बोटं खाली गेलंय. तो आपोआप पाणी भरणारा पंप बंद पडला."

"नाना, त्याची बादली रिकामी असेल."

"काठोकाठ भरलीय."

"मग टाकीतला तरंगता गोळा अडकला असेल. हलवून बघा."

"हलवला. लाल दिवा लागतो, पण पंप हूं की चूं करत नाही."

"आधी पिन काढा. आता पंप बादलीतून बाहेर घ्या आणि आत काही अडकलंय का बघा."

"थांब. अडकलंय. गवत."

"गवत? माशांच्या पंपात?"

"कूलरच्या जाळीत असतं ना, तसलं."

"नाना, पंपाचा रंग कोणता?"

"काळा."

"आपला निळा होता! आणि कूलरचा पंप परवाच जळाला ना?"

"जळाला, पण कूलर तर झकास चाललाय. मी दुपारपासून चादर घेऊन बसलोय."

"आईला फोन द्या."

"ती म्हणते, हात पिठाचे आहेत."

"आई! माशांचा पंप कूलरला लावलास?"

लांबून बाईंचा आवाज आला, "मासा तं दिनभर पानीमाच शेतस. आमले नको का गारवा?"

आमचा अख्खा बाक हसला.

"नाना, मी येतेच. तोवर टाकीत तांब्याने पाणी घाला."

"घालतो. पण पुनम, घाई करू नको. सावकाश ये."