हंबकरमधली हळद

सरफराज : हळद आहे.

निकिता : काय?

सरफराज : हळद, बेटा. हे बघ, तारांचा सूर पकडणाऱ्या ह्या पिकअपचं झाकण काढलं तर आत सगळं पिवळंधम्मक. कॉइलची तार केसाहून बारीक असते. ओल लागली, गंजली, तुटली. हा पिकअप, हंबकर म्हणतात ह्याला, गेला. आता नवीनच टाकायला लागेल.

निकिता : पण गिटारमध्ये हळद कशी जाईल, चाचा? गिटार आमच्या सिन्नरच्या घरी कपाटावर असते. मसाल्याच्या डब्यात नसते.

गोरक्ष : गंज असंल. गंज पण पिवळाच दिसतो.

सरफराज : गोरक्षभाऊ, गंजाला असा वास येत नाही. घ्या, हुंगून बघा.

गोरक्ष : मला सर्दी हाय.

निकिता : इकडं द्या. ...पप्पा, हळदच आहे! आणि हे काय, खालच्या खळग्यात? तांदूळ?

सरफराज : तांदूळ. कुंकू लावलेला.

गोरक्ष : बघू. हां, बारीक दाणा हाय. घोटीकडचा असंल.

निकिता : एका दाण्यावरून कळलं तुम्हाला?

गोरक्ष : मंग? शेतकऱ्याचं पोर हाय मी.

निकिता : शेतकऱ्याचं पोर गेली वीस वर्षं कंपनीत नट आवळतंय. आणि आपल्या वावरात कांदा होतो. पप्पा, माझी गिटार घोटीला कशाला गेली होती?

गोरक्ष : गिटार कशी जाईल? तिला काय पाय हायेत?

निकिता : म्हणून विचारतेय, कुणाबरोबर गेली.

गोरक्ष : मी म्हणतच होतो, तू नको येऊ. कॉलेज बुडतंय तुझं. मी एकटाच जाऊन आणतो दुरुस्त करून.

निकिता : तेव्हाच शंका आली होती मला. तुम्ही कधी दळण एकट्यानं आणलं नाही, आणि गिटार आणणार! चाचा, तुम्ही ओळखता ना पप्पांना? नाव घेतलंत आत्ता.

सरफराज : ह्यांना? सिन्नरच्या बँजो पार्टीतले गोरक्षभाऊ. ह्यांना कोण नाही ओळखत...

गोरक्ष : सरफराजभाई, चहा सांगा की.

सरफराज : सांगतो. मागच्या महिन्यातच केबल घेऊन गेले. म्हणाले लांबडी द्या, गाडीच्या टपापासून खालपर्यंत पुरली पाहिजे.

गोरक्ष : बिनसाखरेचा सांगा. कशाला बोलला मधी?

सरफराज : माफ करा भाऊ, मला वाटलं पोरीला माहीत असणार. गिटार तिची म्हणता.

निकिता : थांबा. बँजो पार्टी? वरातीत वाजवतात ती? पप्पा, तुम्ही?

गोरक्ष : पूर्वी. लय पूर्वी. तू पाळण्यात होतीस.

निकिता : आणि मागच्या महिन्यात मी पाळण्यात होते? मी सोमवारी पंचवटीत आत्याकडे जाते, शनिवारी घरी येते. मधल्या दिवसांत आईला फोन केला की ती म्हणते, पप्पा ओव्हरटाइमला गेलेत.

गोरक्ष : ओव्हरटाइमच हाय की तो. ड्यूटी सुटल्यावर जातो.

निकिता : पप्पा!

गोरक्ष : ओरडू नको, दुकानात माणसं येतेत. सांगतो. सहादू हाय ना, आमच्या पार्टीचा ढोलकीवाला, त्यो आला हुता. म्हणला, गोऱ्या, आमचा बँजोवाला दुबईला गेला, एक हळद मारून दे. म्हणलं, माझा बँजो माळ्यावर पोत्यात हाय, उंदरानं बटणं खाल्ली. त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि कपाटावर तुझी गिटार दिसली त्याला.

निकिता : तुम्हाला गिटार येत नाही!

गोरक्ष : नाय येत. मी ती बँजोगत वाजवतो. दोन तारा पुरतेत.

निकिता : सहा तारा आहेत तिला.

गोरक्ष : बाकीच्या चार बसून असतेत. आपण त्यांच्या वाटेला जात नाय.

सरफराज : आणि हळदीचं पाणी?

गोरक्ष : घोटीला नवऱ्याच्या करवल्यांनी घोळ केला. नवऱ्याला लावायची सोडून बादलीच वाजवणाऱ्यांवर उपडी केली. मी गिटार पोटाशी धरून पाठ केली, पण पाणी खांद्यावरनं आलं. घरी आणून लगेच पुसली, निकिता. तुझ्या आईच्या केस वाळवायच्या मशीननं वाळवली.

निकिता : म्हणजे आतली हळद भाजून पक्की केलीत. रविवारी माझ्या कॉलेजात बँडची स्पर्धा आहे. तीन महिने तयारी चालू आहे. आमच्या बँडमधला कुंदन ड्रम वाजवून वाजवून घरच्यांचा शत्रू झालाय. आणि माझ्या गिटारच्या पोटात लग्न निघालंय! मला विचारलं का नाही?

गोरक्ष : तुला विचारलं तर तू आईला सांगणार.

निकिता : मग आईलाच विचारायचं.

गोरक्ष : तिला कुठल्या तोंडानं विचारू? तुझ्या मामाच्या लग्नात मी जावई. जावयानं फेटा बांधून मांडवात बसायचं का नाय? तर पार्टी आमचीच हुती. माझ्या जागी आलेल्या बँजोवाल्याला ताप भरला, वरात जागच्या जागी थांबली. मला राहवलं नाय. फेट्यासकट गाडीवर चढलो. नवरदेव घोड्यावरनं उतरून नाचला. पण तुझ्या आईचा चुलता समद्यांपुढं म्हणला, हा जावई हाय का वाजंत्री?

निकिता : आई काय म्हणाली?

गोरक्ष : काय नाय. येताना जीपमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आल्यावर मी बँजो पोत्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. तिनं सांगितलं नव्हतं. पण काढ असं पण कधी म्हणली नाय.

निकिता : आणि मामानंच मला दहावीला ही गिटार दिली.

गोरक्ष : हां. त्याला नाच आठवत असंल. चुलता नसंल आठवत.

सरफराज : चहा घ्या. बेटा, तूही घे. आता रडगाणं बाजूला ठेवू आणि हंबकर ठरवू. ह्या जातीचे दोन आहेत माझ्याकडे. पहिला जोरदार. लोहचुंबक तगडं, तारेचे वेढे जास्त. आवाज जाड, भरलेला, थोडा रागीट.

निकिता : हाच. मला हाच पाहिजे.

सरफराज : दुसरा मवाळ. वेढे कमी. प्रत्येक सूर वेगळा, घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत.

गोरक्ष : ह्यो बरा वाटतोय.

निकिता : तुमचं मत कुणी विचारलं?

गोरक्ष : नाय विचारलं. पण ऐकून घ्यायला काय जातंय? सरफराजभाई, एक सांगा. हंबकर म्हणजे नेमकं काय? त्यात एवढं काय असतं?

सरफराज : आत दोन कॉइल असतात, शेजारी शेजारी, एक सुलटी, एक उलटी. ट्यूबलाइटची, जनरेटरची जी घरघर असते ना, ती दोघींत येते, पण एकीत सुलटी, दुसरीत उलटी. म्हणून एकमेकीला खाऊन टाकते. सूर तेवढा उरतो.

गोरक्ष : म्हणजे नवराबायकोसारखं.

सरफराज : नाही भाऊ. तिथं सूर जातो, घरघर उरते.

निकिता : चाचा, ऐकवा ना आधी.

सरफराज : ही काळी गिटार घे. हिच्यात जोरदारवाला बसवलेला आहे. हळू वाजव, शेजारी फोटो स्टुडिओ आहे, पासपोर्टचे फोटो हलतात.

निकिता : आमच्या गाण्याची सुरुवात वाजवते.

गोरक्ष : आई गं!

निकिता : काय झालं?

गोरक्ष : काय नाय. पिठाच्या गिरणीत उभा राहिल्यासारखं झालं. वाजव, वाजव.

निकिता : ...हे एवढंच. पुढं आमची गायिका येते. कसं वाटलं?

गोरक्ष : हे तू केलंस? का कुणाचं हाय?

निकिता : मी केलंय. पंचवटीत आत्याच्या गच्चीवर, हवेत बोटं फिरवून, आवाज न करता. खालच्या मजल्यावर पूजा सांगणारे गुरुजी राहतात, ते दुपारचे झोपतात.

गोरक्ष : छातीत बसलं गं. पहिल्यांदा वाटलं कायतरी बिघडलं. मंग कळलं, त्यात चाल हाय. पाय आपोआप हलाया लागला.

सरफराज : आता तुम्ही, भाऊ. ही लाल घ्या. हिच्यात मवाळ आहे.

गोरक्ष : नको, नको. पोरीसमोर काय!

निकिता : घोटीच्या करवल्यांसमोर चालतं का?

गोरक्ष : ...बरं. थोडंच.

(गोरक्ष वाजवतो. फोटो स्टुडिओतला माणूस गिऱ्हाइकाला तसाच बसवून दाराशी येऊन उभा राहतो.)

गोरक्ष : एका जागी चुकलं.

निकिता : कुठं?

गोरक्ष : मधी. बोटं जड झालीत आता.

निकिता : पप्पा, तुमचा उजवा हात दिसतच नव्हता.

सरफराज : नाही दिसणार. ह्या हातामुळं सिन्नर ते घोटी एक नवरदेव कधी मुहूर्तावर मांडवात पोचला नाही.

निकिता : मला वाटायचं, बँजो म्हणजे वाटीवर चमचा. हे तर... दोनच तारांवर अख्खं गाणं रडलं, हसलं, नाचलं. मी चार वर्षं सहाच्या सहा तारा घेऊन बसलेय.

गोरक्ष : तुझं बी चांगलं हाय. निराळं हाय.

निकिता : चाचा, मवाळवाला टाका.

गोरक्ष : आं? नाय नाय. जोरदारवाला टाका. तिची स्पर्धा हाय रविवारी.

निकिता : स्पर्धेत पायाखाली पेडल लावून आवाज जाड करता येतो. पप्पांकडं पेडल नाही. मवाळच टाका.

गोरक्ष : आवं, मी टपावर उभा राहून वाजवतो. खाली लोक निम्मे नाचतेत, निम्मे जेवणाकडं बघतेत. मला काय करायचंय लखलखीत? जोरदार टाका. माझी हौस हाय, तिचं पुढचं हाय.

निकिता : हौस म्हणू नका हां. मवाळ!

गोरक्ष : जोरदार!

निकिता : गिटार माझी आहे, मी सांगते ते होणार. मवाळ!

गोरक्ष : आणि मी बाप हाय. मी सांगतो ते होणार. जोरदार!

सरफराज : या खुदा! आत्ता पाच मिनिटांपूर्वी दोघं बरोबर उलटं बोलत होता. मी कुणाचं ऐकू?

निकिता : माझं.

गोरक्ष : तिचं. म्हंजे, तिचं मघाचं.

सरफराज : दोघं गप्प बसा. मी जोरदारवाला बसवतो आणि आवाजाचा नॉब बदलून देतो. नॉब दाबलेला असला की दोन्ही कॉइल चालू, आवाज जाड. बाहेर ओढला की एक कॉइल बंद, आवाज बारीक, टणटणीत, जवळजवळ बँजोसारखा. थोडी घरघर येईल तेवढी.

गोरक्ष : घरघरीचं काय घेऊन बसलात! जनरेटरपुढं कुणाला ऐकू येती?

निकिता : चाचा, हे होत होतं तर आधी का नाही सांगितलंत?

सरफराज : सांगणार होतो. पण तुम्ही असे गोड भांडायला लागलात की मध्ये बोलवेना. आमच्या घरात एवढ्या प्रेमानं कुणी माघार घेत नाही.

निकिता : मग ठरलं. पण पप्पा, एक अट. तो उजवा हात मला शिकवायचा.

गोरक्ष : शिकवतो. पण तू मला त्या बाकीच्या चार तारा कशाला असतेत ते सांग.

निकिता : आईचा फोन.

गोरक्ष : अरे देवा. सांगू नको काय. शुक्रवारी पांढुर्लीला हळद हाय, सहादूला शब्द दिलाय मी. गंज म्हण. गंज लागला होता म्हण.

निकिता : हॅलो, आई. हो, दुकानातच आहोत. ...हो, होतेय दुरुस्त. ...काही नाही गं, आतमध्ये गंज लागला होता. ...गंज! ...पप्पा ना, आहेत. चहा पितायत. ...बिनसाखरेचा, हो. ...काय? थांब, विचारते. चाचा, शुक्रवारच्या आत मिळेल का?

सरफराज : गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा.

निकिता : गुरुवारी मिळेल, आई. पण माझी स्पर्धा रविवारी आहे. शुक्रवारी कशाला लागते? ...आई? ...बरं. पप्पा, तुम्हाला द्यायला सांगतेय.

गोरक्ष : मला? ...हां, बोल. ...हां. ...नाय, तसं नाय. ...सहादूची बायको? कधी? ...बरं. ...हां. ...हां. ...ठेवतो.

निकिता : काय म्हणाली?

गोरक्ष : पांढरा शर्ट घालून जात जाऊ नका म्हणली. किती घासलं तरी निघत नाय.

निकिता : म्हणजे आईला पहिल्यापासून माहीत होतं?

गोरक्ष : दिसतंय तसं.

निकिता : चिडलीय?

गोरक्ष : नाय.

निकिता : मग? अजून काय म्हणाली?

गोरक्ष : म्हणली, निघताना सांगून जात जा. मी जेवायची थांबून राहते.