ठकूचा पहिला शब्द

(सकाळची घाई. स्वयंपाकघरात उंच खुर्चीत बसलेली ठकू चमच्यानं ताटली बडवते आहे.)

तो : पुन्हा म्हणाली! ऐकलंस ना? स्पष्ट. बाबा!

ती : ऐकलं. कालपासून तेच ऐकतेय. माझी दुसरी चप्पल कुठंय?

तो : चिडलीस?

ती : छे, मी कशाला चिडू? नऊ महिने पोटात मी वागवली, वर्षभर कडेवर मी. आणि नाव कुणाचं घेतलं? जो दिवे लागल्यावर उगवतो त्याचं!

सासूबाई : अगं, हाही पहिल्यांदा बाबाच म्हणाला होता. आमचे हे आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडत होते.

ती : म्हणजे घराण्याचीच खोड आहे.

तो : पण तिनं मलाच हाक मारली कशावरून? आमच्या शब्दकोशाच्या ऑफिसात, वापराचे तीन वेगवेगळे दाखले मिळाल्याशिवाय अर्थ पक्का करत नाहीत. थांब, पंख्यालाही बाबाच म्हणते का बघू. ठकू, हे काय? पंखा. काय आहे?

ती : झालं सुरू! अरे, माझी बस येईल आता. वर्षानं लॅबमध्ये चाललेय मी, आणि तू पोरीचे दाखले कसले गोळा करतोयस? तिचं तोंड पूस आधी.

तो : पुसतो. तुला माहितेय, रशियनमध्ये बाबा म्हणजे आजी.

सासूबाई : काय सांगतोस! तरीच माझ्याकडे बघून म्हणते मघापासून. ये गं माझे बाय!

ती : आई, तुम्हीसुद्धा?

तो : तुर्कीत बाप, चिनीत बाप. जपानीत म्हातारी.

सासूबाई : म्हातारी नको हो. ते रशियनच राहू दे.

ती : आणि आई? बाबा म्हणजे आई असं कुठल्या भाषेत होतं?

तो : ते... अजून सापडलं नाही. पण जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाप, गंमत बघ.

ती : वा! अर्ध्या जगात आईला मामा म्हणतात, तर तिथंही तुमचीच वर्णी! काय पण गंमत.

तो : अगं, ऐक तर. आमचे साहेब म्हणतात, हा शब्द फारसीतून आला. मी म्हणतो, आणायला जायचं कशाला? ओठ मिटले, उघडले, की झाला. जगातल्या कुठल्याही पोराला जमतो. पोरं नुसता आवाज काढतात, आणि मोठी माणसं धावतात, मला हाक मारली, मला हाक मारली! बाप धावला तिथं बाप, आजी धावली तिथं आजी.

ती : मग इथं वर्षभर कोण धावत होतं?

सासूबाई : तूच गं.

ती : मग? मला वाटलं होतं, आज जायच्या आत एकदा तरी म्हणेल. दिवसभर मी नसणार. मला बोलवावंसं वाटलं, तर तिच्यापाशी शब्द तरी हवा ना?

सासूबाई : एक विचारू? रागावू नकोस. दिवसभर खिडकीत तिला घेऊन तू काय म्हणायचीस?

ती : काय म्हणणार? बाबा कुठे गेले? बाबा येणार. आत्ता येणार हं बाबा...

सासूबाई : आणि आई कुठे गेली, असं कधी?

ती : ते कशाला म्हणू? मी कुठं गेलेच नव्हते.

तो : अगं, रडतेस काय? बस चुकेल. ही घे तुझी चप्पल, ठकूच्या खुर्चीखाली होती.

ती : दे. डबा? घेतला. तिला झोप आली की ती कान ओढते, आई, लक्षात ठेवा. येते मी.

तो : अगं बघ, बघ! तुझ्याकडे बघून म्हणाली. बाबा!

ती : ओ, राणी. ओ.

सासूबाई : जा तू निर्धास्त. मी घेऊन बसते खिडकीत. चल गं ठके. आई कुठे गेली? आई येणार हं, आत्ता येणार...

ती : थांबा ना आई. अजून गेले नाहीये मी.