सांबरखिंडीत दाबलेला ब्रेक

ऐका. जेवनं झाली न्हवं समद्यांची? ज्येचं राहिलं आसंल त्येनं उठावं, घरी जाऊन दोन घास खाऊन यावं. मागनं मला बोल लावू नका. ह्या गोष्टीनंतर घास उतरत न्हाई. माझा सोताचा उतरत न्हाई, आन् म्या तर कितींदा सांगितलीया!

वरच्या आळीचा हिंदुराव मोरे. त्येची जुनी जीप आठवती का? लष्कराच्या लिलावातली, चारी चाकं वढनारी. चिखलातनं निघायची, वढ्यातनं निघायची. रंग उडाल्याला, पायाखालचा पत्रा कुजून भोकं पडल्याली, पर इंजान खनखनीत. बायकूला लुगडं घ्यायचं ध्यानात ऱ्हायचं न्हाई ह्येच्या, पर जीपला काय पायजे ते झोपेतबी सांगायचा.

तर एकदा त्येच्या मनानं घेतलं, गाडी नवी करायची. तालुक्याला गॅरेजात नेली. जुनी बारीक चाकं काढली आन् ही रुंद, गुबगुबीत चाकं घातली. पत्र्याच्या भाईर आल्याली! फुडच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्कचे ब्रेक बसवले. ह्ये चांगलं केलं बरं का. ब्रेक चांगलाच आसावा. पर हँडब्रेकची तार तुटल्याली, ती तशीच. मिस्त्री म्हनाला, "मालक, थांबा जरा, तारबी टाकून देतो." ह्यो म्हनाला, "हँडब्रेक कुनाला दिसतोय? चाकं दिसत्यात. आज गावात चाकं फिरली पायजेत."

थू! आसल्या नटव्या मानसाची मला किळस येती. दिसतंय ते आधी, आन् जिवाला राखतंय ते मागनं!

त्याच दिशी त्येच्या आईला दवाखान्यातनं सोडली व्हती. हौसाबाई. एक डोळा मुळातच गेल्याला, दुसऱ्याचा मोतीबिंदू काढून वर ही पट्टी. म्हंजे म्हातारीला अंधारच. तिला मागच्या शिटावर निजवली आन् दिवस मावळल्यावर ह्यो निघाला. लोकं म्हनली, "हिंदुराव, वळसा पडू दे, पर मोठ्या रस्त्यानं जा." ह्यो म्हनतो, "नवी चाकं हायती. सांबरखिंडीनं जातो. बघू तरी, चढत्यात कशी!"

चढली की! झ्याक चढली. पर वळनावर स्टेरिंग फिरवलं की चाक आत घासायचं. खर्रर्र. फुडलं वळन, खर्रर्र. घासून घासून ब्रेकच्या पाइपाचा नट ढिला झाला. ह्यो आपला शीळ घालतोय! खिंडीच्या ऐन तोंडाला ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय थेट खाली. ब्रेकच न्हाई!

फुडं चढ, मागं दरी. हिंदुरावानं गाडी पहिल्या गेरात अडकवून बंद केली. उतरून मागच्या चाकांना दोन गोटे लावले. मग ब्याटरी उशाला ठेवून फुडच्या चाकामागं आडवा झाला. नट आवळला, ब्रेकचं तेल भरलं. आता ऱ्हायली पाइपात शिरल्याली हवा. ती काढायला दोन मानसं लागत्यात, ध्यानात घ्या. एकानं वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं खालनं नट सैल करून हवा सोडायची. खालच्यानं म्हनायचं 'दाब', वरच्यानं म्हनायचं 'दाबलं'. गॅरेजात दिवसभर ह्येच चाललं व्हतं. कानात बसल्यालं.

आन् ह्या शहान्यानं काय केलं? वर कोन न्हाई, म्हातारी मागं घोरतीया, आन् सवयीनं ह्येच्या तोंडातनं निघालं, "दाब!"

वरनं आवाज आला, "दाबलं."

ए शांते, हसू नगंस! त्येला वाटलं, म्हातारी उठून फुडं आली. कामाच्या नादात त्यो काय इचार करतोय? नट सैल केला. फस्सकन् हवा आली, बुडबुडं आलं. "धर." "धरलं." "सोड." "सोडलं." आसं चाललं की वो! आन् ब्रेक घट व्हायला लागला.

मग वास आला. ब्रेकच्या तेलाचा वास येगळा, ह्यो येगळा. हिरीत म्हस पडून फुगली म्हंजे येतो त्यो वास. हिंदुरावानं नाक आकसलं, पर दोनी हात गुतल्यालं. तेवढ्यात पत्र्याच्या भोकातनं कायतरी ठिबाकलं. टप्. त्येच्या व्हटावर! तेल समजून त्येनं जिभंनं पुसलं.

शी! कोमट व्हतं ते. चिकाट व्हतं. आन् त्यात केस व्हता.

थुकत थुकत त्येनं नट आवळला आन् ब्याटरी वर केली. भोकातनं ब्रेकवरचा पाय दिसला. उघडा पाय. टाच फुडं, बोटं मागं! कातडं ढिलं पडून घोट्याखाली घसरल्यालं. नखं काळी. आन् बोटांच्या बेचक्यात अळ्या, लुसलुस करत्यात, एकेक खाली पडतीया, ह्येच्या छातीवर.

वरनं आवाज, अगदी आदबीनं, "मालक, दाबलंय."

मग खट्! गेर निघाला. गाडी मागं इतकीशी हलली. बारीक चाकाला गोटा पुरला आसता. ह्या गुबगुबीत चाकाखालनं दोनी गोटे सर्रकन् निसटलं, दरीत गेलं. खाली पडल्याचा आवाजबी आला न्हाई. आता आख्खी गाडी, आत म्हातारी, समदं त्या एका कुजक्या पायावर!

"सोडू का, मालक?"

"धर!" हिंदुराव किंचाळला. "धर, धर!"

"धरलंय. पर पाय गळाय लागलाय. सोडू का?"

"नगं! धर!"

"मग तुमी या हितं. माझ्या मांडीवर बसा. माझ्या पायावर पाय द्या. म्या किती दिस धरू?"

तवा हिंदुरावाला उमगलं, ह्यो कोन. त्या खिंडीत मागं एक ट्रक गेल्याला. डायवरनं म्हाताऱ्या क्लीनरला सांगितलं, ब्रेक दाबून बस, म्या आलोच. आन् ग्येला दारू प्यायला. आलाच न्हाई. म्हाताऱ्याचा पाय थकला, ट्रक दरीत ग्येला. उनातान्हात कुजून वास सुटला तवा कुटं लोकास्नी कळलं. त्या डायवरच्या तोंडात शेन घालाया पायजे व्हतं! पर बघा, मेल्यावरबी त्यो म्हातारा हुकमाचीच वाट बघत बसला. कुनी 'दाब' म्हनलं की आलाच. आन् जो त्येच्या जागी बसंल, त्यो तिथनं उठायचा न्हाई.

हिंदुराव उठला. काय करनार? आई व्हती आत. डोळं झाकून दाराकडं सरकला.

तेवढ्यात हौसाबाई जागी झाली. "हिंद्या, आरं कसली घान ही? काय मेलंय का गाडीत?"

फुडच्या शिटावरनं हिंदुरावाच्याच आवाजात उत्तर ग्येलं, "म्या हाय, आई. झोप." आन् त्येनं हात मागं करून म्हातारीच्या गालावरनं फिरवला. गार, बुळबुळीत. बोटाचं कातडं तिच्या गालाला चिकटून ऱ्हायलं.

ऐका, हितं दुसरं कोन आसतं तर जीवच सोडता. पर म्हातारीला दिसत न्हवतं ना! ती भ्याली न्हाई. तिला शिसारी आली. तोंडात मिसरी व्हती, ती समदी गोळा केली आन् पच्चाक! आवाजाच्या रोखानं थुकली. बसली त्येच्या तोंडावर.

"मुडद्या! माझा ल्योक म्हनवतोस? माझा ल्योक आडमुठा आसंल, पर आंघुळ करतो! व्हय भाईर, घानेरड्या! मानसाच्या अंगाला हात लावायची लायकी हाय का तुजी? श्शी, श्शी, श्शी!"

आन् काय नवल सांगू! आजवर समदी त्येला भ्याली व्हती. त्येची किळस तोंडावर कुनी केली न्हवती. भूत वशाळलं. खरंच! आपल्या हाताकडं बघितलं, मिसरी पुसली, गाल निघून हातात आला. खाली मान घातली आन् भाईर सरकलं.

पर पाय उचलला न्हवं का! जीप सुटली. घरंगळली मागं. "आई गं!" करून हिंदुरावानं धावत्या गाडीत उडी घेतली. एक वहान खालीच ऱ्हायली. उघडा पाय त्येनं ब्रेकवर आदळला.

ब्रेक लागला! कचकन् लागला! भुतानं हवा काढल्याला ब्रेक, दगडावानी घट. मागचं एक चाक दरीवर लोंबकळलं, पर गाडी थांबली. फोर व्हील टाकून त्येनं इंजान चालू केलं, तीन चाकांवर वढत रस्त्यावर आनली. म्हातारी मागनं म्हनती, "आधी पानी दे, गाल धुवायचाय."

वाचली! पर गोष्ट हितंच ग्वाड झाली आसं मानू नका. खिंडीपल्याडचा उतार आजून तसाच व्हता. आख्खा घाट. आन् ब्रेकवर त्या पायाचं सालटं चिकाटल्यालं, वर हिंदुरावाचा उघडा पाय. पुसायला थांबायची छाती न्हाई. वळन आलं की दाबायचं, आन् बोटांच्या मधनं ते कोमट वर यायचं. कायतरी वळवळायचं. वकत वकत गाडी हाकली त्येनं. दर वळनाला दाबलं. आईला घरी न्यायची व्हती, तर दाबलंच.

घरी आल्यावर राख लावली, राकेल लावलं, फिनेल वतलं. वास जाईना. जीप फुकटबी कुनी न्हेली न्हाई. म्हातारीची पट्टी सुटली, तिला झ्याक दिसाय लागलं, आन् आजबी ल्योक जेवाय बसला की ती म्हनती, "हिंद्या, त्यो पाय उंबऱ्याभाईर ठेव." आन् त्यो ठेवतो. मुकाट्यानं ठेवतो.

तवा सांगतो, रातचं सांबरखिंडीनं जाऊ नका. चाकं कसलीबी आसूद्यात. ग्येलातच आन् गाडी अडली, तर दिस उगवंपातूर आत गप बसा. आन् शिटावर कोन न्हाई, तर कुनाला काम सांगू नका. तिथं एक म्हातारा कामाची वाट बघतोय, आन् त्यो न्हाई म्हनत न्हाई.

जावा आता. पाय धुवून झोपा.