डेन्मार्कहून बोलतोय

...आणि वर ती बाई म्हणते कशी, "आपल्या सोयीसाठी." कुणाच्या सोयीसाठी? माझ्या? मी कुठे सोय मागायला गेले होते? मला फक्त विमानाचं तिकीट बदलून हवं होतं. पण तुम्हाला सांगते, तो शून्य-पाच-सात-शून्यने सुरू होणारा ग्राहकसेवेचा नंबर लावला की आधी ती बाई येते... बाई कसली, टेप ती... गालात साखरेचा खडा धरून बोलल्यासारखी, "हा कॉल दर वीस सेकंदांना सुमारे दहा येन या दराने जोडला जात आहे." जोडला जात आहे म्हणे. कुणाशी? मग एक दाबा, मग तीन दाबा, मग "सध्या सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत," आणि मग पिपाणी. त्या पिपाणीचेही पैसे. बरं, आम्ही दोघं मोबाईलला महिन्याचे ठरलेले पैसे भरतो, ते 'हवं तितकं बोला'वालं. त्यात हे नंबर धरत नाहीत. हे सोडून कुणाशीही हवं तितकं बोला. अहो, साठी उलटलेल्या बाईला तासन् तास फोन धरून बसावं लागतं ते ह्यांच्याचपायी, आणि नेमके हेच त्यात नाहीत.

आता झालं होतं असं. माझी थोरली बहीण, मासाएताई, तिकडे पार उत्तरेला, बर्फाच्या आसाहिकावाला असते. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन सोमवारी, म्हणून माझं तिकीट शनिवारचं. आणि मंगळवारी दुपारी तिच्या मुलाचा, दाईचीचा फोन, "मावशी, डॉक्टरांनी अलीकडे ओढलंय. परवाच, गुरुवारी सकाळी." म्हणजे मला बुधवारी निघायला हवं. बरं, तिकीट काढलं होतं ह्याच दाईचीने, कॉम्प्युटरवर, आणि घाईघाईत किनुएचं किनुओ करून ठेवलेलं. बाईचा बाप्या. त्यामुळे घरबसल्या बदलायला गेले तर पडद्यावर लाल अक्षरं, नाव जुळत नाही, फोन करा. आणि फोन संध्याकाळी सातपर्यंतच.

म्हणून केला. नऊ मिनिटं पिपाणी ऐकली. दहाव्या मिनिटाला ती साखरवाली म्हणाली, "लवकरच आपला क्रमांक..." आणि तेवढ्यात आमचे हे आत आले. तामोत्सु. हातात मुळा, धुवायला आणलेला. क्षणभर ऐकलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"मीटर पळतंय, किनुए," म्हणाले.

तुम्हाला सांगते, तो मुळा मी त्यांच्या डोक्यात का घातला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता ह्यांचं मीटरचं प्रकरण तुम्हाला माहीत नसेल. अडतीस वर्षं तोकुशिमात घरोघर पाण्याचे मीटर वाचले ह्यांनी. लोकांच्या अंगणात उकिडवं बसायचं, लोखंडी झाकण उचलायचं, आकडा लिहायचा. तर म्हणे पाणी बंद होऊन पुन्हा सुटतं तेव्हा आधी नळातून नुसती हवा येते, फुस्स करून, आणि तेवढ्याने काटा फिरतो. हे काय करायचे, कुणी म्हातारी म्हणाली की बिल जास्त आलं, तर स्वतः अर्ज लिहून तेवढे आकडे कमी करून आणायचे. साहेबांच्या शिव्या खायचे. "हवेचे पैसे घ्यायचे नसतात." हे ह्यांचं एक तत्त्व. आणि माणसाला एकच तत्त्व असलं ना, की ते फार ताठ असतं.

"ही पिपाणी म्हणजे हवा आहे," हे म्हणाले.

मी म्हटलं, "हवा तर हवा. माझी बहीण छाती उघडून पडणार आहे परवा."

"जायचंच आहे तुला. पण हवेचे पैसे न देता."

आणि निघाले सायकल काढून. कुठे? तर सार्वजनिक फोनवर, तिथे म्हणे दहा येनात मिनिटभर चालतं. खिशात दहा-दहाची नाणी खुळखुळवत. आमच्याकडे आता तो फोन उरलाय कुठे, तर पार नदीपलीकडे, मोठ्या पोस्टाशी. फेब्रुवारीचा वारा, नाक गळतंय, आणि हा गृहस्थ वाचवायला चाललाय किती, तर दीडशे-दोनशे येन. पाऊण तासाने परत आले. खिसा रिकामा. "काय झालं?" मग चहा दिल्यावर हळूच, "तिथे नाणी अजून भराभर खातं ते. कबुतरांना दाणे टाकल्यासारखं. 'तीन दाबा'पर्यंत पोचलो." मी घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. म्हटलं, आता माझ्या फोनवरून मी लावते, जाऊ देत हजार येन. तर म्हणतात, "थांब. ओरिताला विचारतो."

ओरिताभाऊजी म्हणजे ह्यांचे पाटावरचे सोबती, काळ्यापांढऱ्या सोंगट्या मांडून आठवड्यातून दोनदा दोघं एकमेकांचा अपमान करतात. निवृत्त कारकून. जगातला प्रत्येक फॉर्म मागून वाचणारा माणूस. त्यांचा आवाज फोनमधून इथपर्यंत येत होता, नाकातला, "तामोत्सुऽ, अरे त्या नंबरावर कोण फोन करतं? गाढवं करतात. पत्रकाच्या अगदी तळाशी बघ, मुंगीएवढ्या अक्षरात असेल, 'परदेशातून फोन करणाऱ्यांसाठी.' तो साधा तोक्योचा नंबर असतो. तो तुझ्या हवं-तितकं-बोलामध्ये बसतो. लाव आणि बोल बिनधास्त."

झालं. ह्यांनी मीटर वाचायची जुनी विजेरी काढली, भिंग काढलं, दाईचीने तिकिटासोबत पाठवलेल्या छापील पत्रकावर पालथे पडले. आणि सापडला हो. खरंच सापडला. म्हणजे बघा, स्वस्तातला नंबर आहे त्यांच्याकडे, पण तो मुंगीच्या पायाने लिहायचा, आणि महागातला लाल रंगात, मधोमध, शेजारी हात जोडून वाकलेल्या मुलीचं चित्र. ह्याला म्हणतात सोय.

लावला. दुसऱ्या घंटीला उचलला. टेप नाही, पिपाणी नाही, जिवंत मुलगी. ह्यांनी फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ह्यांनीच ती झडप बसवली.

"फोन केल्याबद्दल आभारी आहे. साहेब, आपण सध्या कोणत्या देशातून बोलत आहात?"

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. तुम्हाला सांगते, ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हा मासाएताईने विचारलं होतं, मुलगी कशी वाटली, तर म्हणाले, "उंची कमी आहे." तो माणूस. डोळे खोलीभर फिरले. छत, शेगडी, मी... आणि माझा बटणांचा डबा. लोणीवाल्या बिस्किटांचा, निळा, पत्र्याचा. त्यावर लिहिलेलं असतं ना देशाचं नाव.

"डेन्मार्क," हे म्हणाले.

"अच्छा. मग तिकडे सकाळचे नऊ वाजत आले असतील."

"हो. आत्ताच उठलो."

मी त्यांना चिमटा काढला. वाढवताय कशाला? तर फोनवर हात ठेवून मलाच, "तिनेच विषय काढला." मग बुकिंग क्रमांक सांगितला, नाव चुकल्याचं सांगितलं, शनिवारचं उद्याचं हवंय म्हणून सांगितलं. तिकडे टकटक टकटक.

"साहेब, उद्या सकाळी तोकुशिमाहून निघायचं आहे, आणि आपण आत्ता डेन्मार्कला आहात, तर..."

"मी नाही जात. बायको जाते. ती तोकुशिमात आहे."

"मग नाव दुरुस्त करायला त्यांचा स्वतःचा होकार लागेल. त्यांच्याशी बोलता येईल का?"

आता मी ह्यांच्या समोर, शेगडीच्या बुटक्या मेजावरच्या एकाच पांघरुणाखाली पाय घालून बसलेली. गुडघ्याला गुडघा. ह्यांनी पुन्हा फोनवर हात ठेवला. "देऊ का तुला?"

मी म्हटलं, "आधी मी कुठे आहे ते ठरवा."

"तू इथेच."

"आणि फोन?"

"फोन डेन्मार्कला," म्हणाले. आणि मग काय केलं असेल? फोनमध्ये म्हणाले, "जरा थांबा हं, तिला दुसऱ्या फोनवर घेतो," आणि मला खूण करून स्वयंपाकघरात धाडलं, का, तर आवाज लांबून यायला हवा. मी गेले. काय करणार? सहासष्ट वर्षांची बाई, सिंकपाशी उभी राहून तोंडावर हात धरून बोलतेय, "हॅलो, हॅलो, मी बांदो किनुए, तोकुशिमाहून..."

आणि पाच वाजले.

आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा कर्णा आहे, रोज पाचला त्यावर गाणं लागतं, मुलांनी खेळ संपवून घरी जावं म्हणून. सबंध देशात लागतं तसंच. असं घणघणतं की खिडकीच्या काचा थरथरतात. दोन्हीकडून लागलं, म्हणजे माझ्या तोकुशिमातही आणि ह्यांच्या डेन्मार्कमध्येही. हे फोनवर उशी ठेवायला धावले. गाणं संपतंय न संपतंय तोच खालून रताळेवाल्याची गाडी, "भाजलेलीऽऽ गरमाऽ गरम रताळीऽऽ." ती गाडी आमच्या दाराशी थांबते, कारण एरवी मी घेते.

तिकडे टकटक थांबली.

मला एकदम रडू आलं. का ते विचारू नका. मी बाहेर आले, उशी उचलली आणि म्हटलं, "बाई, आम्ही दोघंही तोकुशिमातच आहोत. हा माणूस कधी शिकोकू बेटाबाहेरही फारसा गेलेला नाही. परवा सकाळी माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे, आईच्या माघारी तिने मला वाढवलं, आणि तिला भूल द्यायच्या आधी मला तिला दिसायचंय. तुम्हाला फोन ठेवायचा असेल तर ठेवा." हे मान खाली घालून, कान लाल. अडतीस वर्षांत कधी चुकीचा आकडा लिहिला नाही, आणि आज रताळ्यांनी पकडून दिलं.

टकटक पुन्हा सुरू झाली. मग त्याच मऊ, अदबशीर आवाजात, "मॅडम, आज सकाळपासून मला ब्राझीलहून दोन फोन आले आणि फ्रान्सहून तीन. फ्रान्सच्या एका साहेबांच्या मागे ओसाका स्टेशनवरची गाडी सुटण्याची सूचना चालली होती. आपण फक्त होकार द्या."

दिला. नाव दुरुस्त झालं. तिकीट झालं. आणि वर तीच म्हणाली, "तिकडे दुपारनंतर बर्फ आहे. मी आपल्याला पहिल्या विमानात घालते, म्हणजे तोक्योत हानेदाला पुढचं विमान चुकणार नाही. ऑपरेशन नीट होवो." फोन ठेवला तर सतरा मिनिटं झालेली. जादा खर्च शून्य.

आता एवढी गुणी मुलगी कंपनीने लपवून ठेवली कुठे? तर मुंगीच्या पायाखाली. आणि दारात बसवली ती साखरवाली, पैसे मोजायला. ह्या लोकांची अक्कल मला तरी कळत नाही.

पोचले मी. मासाएताईला भूल द्यायच्या आधी तिचा हात धरला. म्हणाली, "केस किती पांढरे झालेत तुझे," आणि आत गेली. पाच तासांनी बाहेर आली. झडप चांगली बसली, टिकटिक करते, कान लावला तर ऐकू येते.

मग पंधरा-सोळा दिवसांनी तिला घरी आणलं आणि मी तिच्यापाशी आणखी महिनाभर राहिले. तर आमचे हे काय करायचे, रोज संध्याकाळी सहाला फोन. हवं-तितकं-बोला आहे ना, वसूल करायला नको? आणि बोलायचं काय, तर, "जेवलीस?" "जेवले." "बर्फ?" "आहे." संपलं. मी ठेवायला जावं तर, "ठेवू नकोस, फुकट आहे." मग तासभर फोन उघडा. तिकडे हे उदोनच्या शेवया ओढतायत, सुर्रऽऽ, भांडी घासतायत, टीव्हीवर कुस्ती बघतायत, मधेच म्हणतात, "आहेस ना?" आणि मी म्हणते, "आहे." चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी एवढा वेळ कधी बोलला नव्हता, आणि आताही बोलत नव्हताच.

एकदा वैतागून फोन बंदच करायला निघाले, तर अंथरुणावरून मासाएताई म्हणते, "राहू दे गं. इकडे आण जरा, माझ्या उशाशी ठेव. माझे हे गेल्यापासून ह्या घरात शेवया ओढल्याचा आवाज ऐकला नव्हता."

आता परत आलेय मी. पण सहा वाजले की हे उठतात, फोन घेतात, माझ्यासमोर बसून ताईला लावतात, आणि शेवया खातात. मी गरम गरम वाढते. दुसरं काय करणार?